कडकनाथाची वीण

मध्य प्रदेशाच्या पश्चिम सरहद्दीवर, जेथे गुजरात आणि राजस्थान यांचे मुलूख येऊन मिळतात आणि जेथून दक्षिणेस नर्मदा ओलांडली की आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी-अक्कलकुव्याचे डोंगर लागतात, त्या झाबुआ, अलीराजपूर आणि धार या टापूत भिल्ल व भिलाले यांच्या अंगणांतून जी नखशिखांत काळी कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या वावरत आली आहे, तिला आपण कडकनाथ म्हणून ओळखतो. तेथील लोक तिला कालामासी म्हणतात. या कोंबडीविषयी अलीकडे जे लिहिले व बोलले जाते ते बहुतेक तिच्या मांसाच्या भावाविषयी आणि तिच्या औषधी गुणांच्या दाव्यांविषयी असते. परंतु ज्याला ही जात आपल्या घरी वाढवावयाची आहे, त्याने सर्वांआधी ध्यानी घ्यावी अशी बाब निराळीच आहे, आणि ती म्हणजे कडकनाथ कोंबडी सहसा अंड्यांवर बसत नाही. ती अंडे घालते आणि निघून जाते. खुडूक होऊन एकवीस दिवस एका जागी ठाण मांडण्याची जी वृत्ती आपल्या साध्या गावरान कोंबडीत उपजत असते, ती हिच्या ठायी फार क्षीण आहे. म्हणजे ही जात आजवर टिकली ती स्वतःच्या उबेवर टिकलेली नाही. कोणीतरी तिची अंडी उचलून दुसऱ्या कोंबडीखाली ठेवली, म्हणून टिकली. तिच्या वंशाची जबाबदारी प्रथमपासून माणसाच्या हाती आणि एका परक्या कोंबडीच्या छातीखाली आहे, आणि घरच्या घरी तिची पैदास करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हीच जबाबदारी अंगावर घेतलेली असते.

हा पक्षी दिसतो कसा ते थोडक्यात सांगतो. त्वचा, तुरा, चोच, जीभ, पाय आणि पायांचे तळवेसुद्धा काळे किंवा काळसर करडे. तुऱ्यावर जांभळट झाक. आत मांसही काळे, हाडांवरील आवरण काळे, श्वासनलिका आणि आतड्यांना धरून ठेवणारी पटले तर विशेषच काळी. रक्त मात्र लालच असते, आणि अंडेही काळे नसते. ते फिकट तपकिरी असून त्यावर किंचित गुलाबी छटा असते. काळ्या कोंबडीचे म्हणून कोणी काळे अंडे दाखवू लागला तर त्यावर इतबार ठेवू नये. पिसांच्या रंगावरून या जातीचे तीन प्रकार मानतात. पहिला निखळ काळा, दुसरा काळ्यावर रुपेरी रेघा असलेला आणि तिसरा सोनेरी झाकेचा. अंड्यातून निघालेले पिल्लू निळसर काळे असते व त्याच्या पाठीवर अनियमित गडद पट्टे असतात. पूर्ण वाढलेला कोंबडा दीड ते दोन किलो भरतो, कोंबडी सव्वा ते दीड किलो. तलंग अंड्यावर येण्यास सुमारे सहा महिने लागतात, आणि मग वर्षाकाठी ८० ते १०० अंडी मिळतात. सुधारित संकरित कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, हे पाहता व्यापारी हिशेबात ही कोंबडी मागे पडते. परंतु कोरड्या डोंगराळ मुलुखात उकिरड्यावर आणि शेताच्या बांधावर स्वतःचे पोट स्वतः भरण्याची जी धमक तिच्यात आहे, ती त्या हिशेबात धरलेली नसते.

हा काळेपणा येतो कोठून, याचा उलगडा गेल्या काही वर्षांत चांगला झाला आहे. प्रत्येक कोंबडीच्या गर्भात, पाठीच्या कण्याच्या जागी, रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींचे मूळ असते; तेथून त्या पेशी त्वचेच्या वरच्या थराकडे प्रवास करतात व पिसांना रंग देतात. कडकनाथात या पेशींना वाढीचा इशारा देणारा एक घटक नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात तयार होतो, कारण तो घडविणारा विसाव्या गुणसूत्रावरील भाग दुप्पट झालेला असतो. परिणामी पेशींची संख्या अतोनात वाढते, आणि ज्या वाटेने इतर कोंबड्यांत त्या कधी जात नाहीत त्या वाटेने त्या शरीराच्या आतही शिरतात. चीनची रेशमी पिसांची कोंबडी, इंडोनेशियाची आयाम चेमानी, व्हिएतनाममधील ह्मोंग लोकांची काळी कोंबडी आणि स्वीडनची स्वार्थोना, या एकमेकींपासून हजारो कोस दूर नांदणाऱ्या जातींत गुणसूत्राची हीच विशिष्ट उलथापालथ आढळते, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले गेले. पुढे कडकनाथातही तीच सापडली. एवढी गुंतागुंतीची घटना ठिकठिकाणी स्वतंत्रपणे घडणे जवळपास असंभवनीय असल्याने, ती पूर्वी केव्हातरी एकदाच घडली आणि माणसाच्या हातून देशोदेशी पसरली, असे मानणे भाग पडते.

आता येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे, आणि घरी पैदास करणाराची फसगत बहुधा तिच्यापाशीच होते. केंब्रिजचे बेटसन आणि पनेट या दोघा संशोधकांनी १९११ साली रेशमी कोंबडी व तपकिरी लेगहॉर्न यांच्या संकराचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतून असे दिसले की काळेपणाचा गुण प्रबळ आहे, पण त्याला आवर घालणारा दुसराही एक गुण आहे, आणि तो लिंगगुणसूत्रावर बसलेला आहे. पक्ष्यांत नराकडे अशी सारखी गुणसूत्रे दोन असतात आणि मादीकडे एकच, जे तिला बापाकडून मिळते. म्हणून शुद्ध काळा कोंबडा जर पिवळ्या पायांच्या, आवर घालणारा गुण बाळगणाऱ्या साध्या कोंबडीशी जुळविला, तर मुलगे आईकडून तो आवर घेऊन फिकट, ठिपक्याठिपक्यांचे निघतात, पण मुली त्या आवरातून सुटतात आणि बापाइतक्याच काळ्या होतात. या मुली निम्म्याने परक्या रक्ताच्या असतात. तरी तुरा उलटून, जीभ पाहून, तळवा पाहून कोणीही पारखी त्यांना अस्सल म्हणेल. कडकनाथाच्या नावाने बाजारात विकल्या जाणाऱ्या काळ्या तलंगांत अशा मुलींचा भरणा किती सहज होऊ शकतो, हे यावरून कळून येईल. केवळ काळेपणा पाहून निवड करणारा मनुष्य काळेपणा राखतो, जात राखत नाही. काटकपणा, डोंगराळ उन्हात तग धरण्याची शक्ती, मंद पण निरोगी वाढ, हे सारे गुण शेकडो निरनिराळ्या घटकांवर अवलंबून असतात, आणि ते दोन-तीन पिढ्यांच्या बेफिकीर संकरात विरून गेले तरी पक्षी वरून काळाच राहतो.

झाबुआच्या कडकनाथाला २०१८ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली, तेव्हा छत्तीसगडातील दंतेवाड्यानेही आपला हक्क सांगितला होता. अखेर नोंद झाबुआच्या नावे झाली. ती नोंद काळ्या कोंबडीच्या मांसाची आहे, हे मला लक्षणीय वाटते. नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले हे इष्टच झाले. परंतु जातीचा जिवंत दाखला कोठल्याही दफ्तरात राहू शकत नाही, तो खुराड्यातच राहतो. नावाभोवती जमलेल्या लोभाचे फळ महाराष्ट्राने २०१९ साली पाहिले, जेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील कडकनाथ-पालनाच्या करारी योजना कोसळून कितीतरी शेतकऱ्यांची पुंजी बुडाली. त्या योजनांत पक्षी होते, खाद्य होते, परतीच्या खरेदीची हमी होती. वंशाची काळजी मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हती.

घरच्या पैदाशीचा आरंभ अंड्यापासून होत नाही, कोंबड्यापासून होतो. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, असे सर्वत्र सांगितले जाते, आणि अंडी सफळ होण्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. परंतु वंशाच्या दृष्टीने तो हिशेब घातक आहे. पुढच्या पिढीतील प्रत्येक पिल्लाला अर्धे रक्त बापाकडून येते. बाप एकच असला तर दहा माता असूनही तो कळप वंशविविधतेच्या मापाने जेमतेम साडेतीन-चार पक्ष्यांइतकाच भरतो, आणि दर पिढीला सुमारे १४ टक्के या वेगाने सगोत्रता वाढत जाते. तेच पाच कोंबडे आणि वीस कोंबड्या ठेवल्या तर हा वेग सुमारे ३ टक्क्यांवर येतो. सगोत्र विणीचा पहिला तडाखा पक्ष्याच्या रूपावर बसत नाही, तो अंड्यांच्या उबवणीवर बसतो. गर्भ कवचातच मरू लागतात, निघालेली पिल्ले पहिल्या पंधरवड्यात गळतात. घरधनी उबवणी यंत्राला, हवेला किंवा कोणाच्या नजरेला दोष देत बसतो, आणि दोष असतो तो तीन पिढ्यांपूर्वी एकाच कोंबड्यावर भिस्त ठेवण्याचा.

कोंबडा बदलतानाही घाई कामाची नाही. कोंबडीच्या अंडनलिकेत, गर्भाशय व योनी यांच्या सांध्याशी, सूक्ष्म घड्यांत नराचे बीज दोन आठवडे आणि कधी त्याहूनही अधिक काळ जिवंत राहते. तेव्हा शेजाऱ्याचा रंगीबेरंगी कोंबडा कुंपण ओलांडून आलेला असेल, तर तो घालवून दिल्यावर निदान तीन ते चार आठवडे जाऊ द्यावेत, आणि मगच त्या कोंबड्यांची अंडी वंशासाठी ठेवावीत. मधली अंडी खुशाल स्वयंपाकघरात वापरावीत.

अंड्याविषयी एक गैरसमज असा असतो की ते घातल्या क्षणी त्यात अद्याप काही घडलेले नसते. वास्तविक अंडे कोंबडीच्या पोटात सुमारे एक अहोरात्र असते, त्यांपैकी वीस तास कवच चढण्यात जातात, आणि या साऱ्या काळात ते कोंबडीच्या शरीराच्या उष्णतेत असल्याने सफळ अंड्यातील गर्भ हजारो पेशींचा झालेला असतो. अंडे बाहेर पडून निवले की ही वाढ थांबते, गर्भ जणू झोपी जातो. ही झोप लागण्यासाठी अंड्याची उष्णता सुमारे २० ते २१ अंशांखाली जावी लागते. १५ ते १८ अंशांवर अंडी आठवडाभर चांगली राहतात. पण झाबुआत काय किंवा आपल्या खानदेश-विदर्भात काय, चैत्र-वैशाखात घराच्या कोपऱ्यातही पारा तिशीच्या वर असतो. त्या उष्णतेत गर्भाला धड झोपही लागत नाही आणि धड वाढही होत नाही. तो अर्धवट वाढत, खंगत जाऊन मरतो. उन्हाळ्यातील रवण, म्हणजे उबवणीस ठेवलेली अंडी, वाया जाते ते बहुधा या कारणाने. म्हणून वीण थंडीच्या दिवसांत धरावी, आणि उन्हाळ्यात धरणे भागच पडले तर अंडी तीन-चार दिवसांपेक्षा साठवू नयेत, ओल्या वाळूत अर्धवट पुरलेल्या मातीच्या मडक्यात, टोकदार बाजू खाली करून ठेवावीत. मळलेले अंडे धुऊ नये. कवचावर जे अतिसूक्ष्म आवरण असते ते धुण्याने निघते आणि कवचाच्या हजारो छिद्रांतून रोगजंतूंना वाट मिळते. फार मोठी, फार लहान, वेडीवाकडी किंवा पातळ कवचाची अंडी रवणीस घेऊ नयेत. कडकनाथाचे अंडे ४० ते ४५ ग्रॅमचे असते, साध्या गावरान अंड्याएवढेच, आणि हा योगायोग फार उपयोगाचा आहे, कारण ते गावरान कोंबडीच्या छातीखाली नीट बसते.

आता त्या कोंबडीकडे वळू. खुडूक कोंबडी ओळखण्यास विद्वत्ता लागत नाही. ती अंडी घालणे थांबविते, घरट्यातून उठत नाही, जवळ गेले की पिसे फुलवून गुरगुरते, आणि तिच्या आवाजात एक संथ, सलग खुडखुड येते. तिच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे द्रव्य रक्तात वाढू लागलेले असते. त्याच्या प्रभावाने अंडाशय विसावतो, छातीवरील पिसे गळून तेथली कातडी उघडी पडते व तिच्यात रक्ताचा पुरवठा वाढतो. ही उघडी, तापलेली कातडी थेट अंड्यांना टेकते. तिला रात्री बसवावे. काळोखात कोंबडी नव्या जागेला फारसा विरोध करीत नाही. उथळ पाटीत राख, तिच्यावर भाताचे तूस किंवा मऊ गवत, आणि उवांच्या बंदोबस्तासाठी थोडा कडुनिंबाचा पाला, एवढी तजवीज पुरते. एका गावरान कोंबडीखाली दहा ते बारा अंडी मावतात. तेरावे घातले तर नेहमी एखादे कडेला राहून गारठते, आणि अंडी फिरत असल्याने आज एक गारठते, उद्या दुसरे, असे होऊन चार-पाचांचा नाश होतो. सर्व अंडी एकाच दिवशी ठेवावीत आणि प्रत्येकावर कोळशाची खूण करावी, कारण बसलेल्या कोंबडीच्या घरट्यात दुसऱ्या कोंबड्या येऊन अंडी घालतात, आणि खूण नसली तर जुने कोणते व नवे कोणते हे कळण्यास मार्ग राहत नाही.

ही कोंबडी दिवसातून बहुधा एकदाच उठते, दाणा टिपते, पाणी पिते, धुळीत अंग घोळते आणि वीस-पंचवीस मिनिटांत परत येते. तिच्या हालचाली जवळून पाहिल्या तर ती चोचीची खालची बाजू अंड्याला लावून ते आपल्या पायांकडे ओढताना दिसेल. अशा रीतीने कडेची अंडी मध्ये आणि मधली कडेला येत राहतात, आणि प्रत्येक अंडे दिवसरात्रीतून कितीतरी वेळा कुशीवर वळते. हे वळणे नसेल तर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटून बसतो व मरतो. यंत्र करणाऱ्यांनी पुढे जे जे शोधले, त्यातले बहुतेक या कोंबडीच्या वागण्यात आधीपासूनच आहे.

तरीही यंत्राला मी कमी लेखीत नाही. खुडूक कोंबडी तिच्या सवडीने खुडूक होते, आपल्या सवडीने नाही. आणि वंश राखावयाचा तर एका हंगामात पुरेशी पिल्ले निघाली पाहिजेत, म्हणजे निवडीला वाव राहतो. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.८ अंश उष्णता ठेवतात. पंखा नसलेल्या पेटीत हवा थरांनी राहते, म्हणून अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर सुमारे ३८.५ ते ३९ अंश असावी लागते. पहिले अठरा दिवस हवेची आर्द्रता ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम वेळा, अंडी फिरवावीत, जेणेकरून रात्रीची लांब विश्रांती रोज एकाच कुशीवर होत नाही. एका बाजूस फुली व दुसरीस वर्तुळ काढून ठेवले की चूक होत नाही. आर्द्रतेच्या बाबतीत मात्र आकड्यांवर आंधळा भरवसा ठेवू नये. कोकणातील श्रावणात हवा आधीच ओथंबलेली असते, यंत्रात आणखी पाणी ठेवले तर अंड्यातील पाणी पुरेसे उडत नाही, आतली हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू शेवटी श्वासाला मुकते. झाबुआच्या कोरड्या फाल्गुनात नेमके उलट घडून पडदा वाळतो व पिल्लाला आवळतो. यावर खरा न्याय सराफी काटा देतो. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे १२ टक्क्यांनी घटले पाहिजे; पहिल्या दिवशी ४२ ग्रॅम असलेले अंडे तेव्हा ३७ ग्रॅमच्या आसपास भरावे.

सातव्या रात्री अंडी उजेडावर धरून पाहावीत. खोली काळोखी करावी, विजेरीच्या तोंडाशी पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर अंड्याची जाड बाजू टेकवावी. सफळ अंड्यात एक गडद ठिपका आणि त्याच्यापासून चहूंकडे फुटलेल्या तांबड्या शिरा दिसतात, आणि हात स्थिर असेल तर तो ठिपका किंचित हलतानाही दिसतो. नुसते स्वच्छ पिवळे दिसणारे अंडे वांझ. ज्यात शिरा नसून केवळ रक्ताचे एक कडे दिसते, त्यातील गर्भ वाढू लागून मेलेला असतो. हे कुतूहल मानवाला फार जुने आहे. ॲरिस्टॉटलने दिवसागणिक अंडी फोडून पाहिली आणि तीन दिवसांनंतर अंड्याच्या पांढऱ्या भागात उडी घेणारा रक्ताचा बिंदू, म्हणजे हृदय, नोंदविला. रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या हार्वेनेही आपल्या १६५१ सालच्या जननविषयक ग्रंथासाठी कोंबडीच्या अंड्यावरच निरीक्षणे केली. इजिप्तमध्ये तर विटांच्या भट्ट्यांतून, कोंबडीविना, हजारोंनी अंडी उबवण्याची परंपरा प्राचीन काळापासून चालत आलेली आहे, आणि तेथील कारागीर अंडे डोळ्याच्या पापणीला लावून उष्णता जोखीत.

अठराव्या दिवशी फिरविणे बंद करावे. यानंतर पिल्लू आपले डोके उजव्या पंखाखाली घेऊन चोच हवेच्या पोकळीकडे रोखते. अंड्यात कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, त्याने मानेच्या मागील एक विशेष स्नायू आचके देऊ लागतो, आणि चोचीवरील तात्पुरत्या टोकदार दाताने प्रथम आतला पडदा फाटतो. हा पिल्लाचा पहिला श्वास. याच सुमारास अंडे कानाशी धरले तर आतून बारीक चिवचिव ऐकू येते, आणि कोंबडी खाली असेल तर ती तिला उत्तर देते. कडकनाथाचे पिल्लू गावरान आईचा आवाज जन्मापूर्वीच ओळखू लागते ते असे. मग कवचाला पहिली चीर पडते, आणि त्यानंतर बारा, अठरा किंवा अधिकही तास काहीच होत नाही. नवखा मनुष्य या तासांत अस्वस्थ होतो आणि कवच सोलावयास धावतो. तसे मुळीच करू नये. पिल्लू त्या वेळी स्वस्थ बसलेले नसते. उरलेला बलक ते बेंबीवाटे पोटात ओढून घेत असते, आणि कवचाच्या आतल्या अस्तरात पसरलेल्या शिरांतील रक्त माघारी शरीरात येत असते. कवच आधी सोलले तर त्या भरलेल्या शिरा फाटतात व पिल्लू रक्तस्रावाने दगावते. ते काम पुरे झाले की पिल्लू स्वतःच फिरत फिरत जाड टोकाभोवती कवच कापते आणि टोपी ढकलून बाहेर येते. पोटात घेतलेल्या बलकावर ते दोन दिवस सहज काढते. म्हणून पिसे सुकेपर्यंत यंत्राचे झाकण उघडण्याचीही गरज नसते.

जी अंडी बाविसाव्या दिवशीही फुटली नाहीत ती टाकून देण्यापूर्वी एकेक फोडून पाहावीत, आणि काय दिसले ते वहीत लिहावे. वांझ अंडी अधिक असतील तर दोष कोंबड्याकडे; पहिल्या आठवड्यातच मेलेले गर्भ अधिक असतील तर साठवणीकडे किंवा सगोत्रतेकडे; पूर्ण वाढून कवचातच मेलेली पिल्ले असतील तर आर्द्रतेकडे व शेवटच्या दिवसांतील उष्णतेकडे पाहावे. हे काम कोणाला आवडत नाही. पण पुढच्या रवणीचे शहाणपण त्यातूनच पदरी पडते.

पिल्लांच्या संगोपनाविषयी फार विस्तार करीत नाही. आई असेल तर ऊब, शिकवण आणि घारीपासून रक्षण ही तीनही कामे ती करते. तिला पिल्लांसह आठ दिवस डालग्याखाली राखले म्हणजे झाले. आई नसेल तर पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब द्यावी आणि दर आठवड्यास दोन-तीन अंशांनी उतरवावी. पिल्ले दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर ऊब कमी आहे, दूर पांगून पंख पसरीत असतील तर जास्त आहे. पाण्याच्या ताटलीत खडे टाकावेत, नाहीतर पिल्ले त्यात पडून गारठतात. मानमोडी, जिला कुमाऊंमधील गावावरून रानीखेत रोग असेही म्हणतात, तिची पहिली लस पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि पुढची आठव्या आठवड्याच्या सुमारास चुकवू नये. ज्या खुराड्यात हा रोग शिरतो तेथे एका आठवड्यात कित्येक वर्षांची निवड धुळीस मिळते.

राहिली निवड. दोन महिन्यांच्या वयात पहिली चाळणी करावी आणि सहा महिन्यांच्या सुमारास दुसरी. तळव्यावर किंवा जिभेवर फिकट ठिपके असणारे कोंबडे प्रथम बाजूस काढावेत, कारण काळा कोंबडा व परकी कोंबडी यांच्या संकरात आवर घालणारा गुण नरांतच उघडा पडतो; काळ्या तलंगेविषयी मात्र रंगावरून काहीच निश्चित होत नसल्याने तिची आई कोण, बाप कोण, भाऊ कसे निघाले, हे वहीतूनच ठरवावे लागते. यासाठी पिल्लांच्या पायांत रंगीत कडी घालावीत. यानंतर पाय सरळ व दणकट आहेत काय, दाणा टिपण्यात चपळ कोण, आजारातून सावरलेली कोण, हे पाहावे, आणि काळेपणात थोडी उणी पण अंड्यांत व काटकपणात सरस अशी कोंबडी एकदम नाकारू नये.

एका घराला पाच कोंबडे पोसणे जड जाते. तीन घरांनी मिळून ही गोष्ट सुकर होते. प्रत्येक घराने आपल्या कोंबड्या आणि त्यांच्या तलंगा आपल्याकडेच ठेवाव्यात, कोंबडे मात्र दर वर्षी पहिल्या घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून पहिल्यात, याच क्रमाने हलवावेत. क्रम न मोडता हे चालले, आणि कोंबडा आपल्या पहिल्या घरी परतू दिला नाही, तर रवणीच्या अंड्यांत बाप आणि मुलगी यांचा मेळ कधी होत नाही. कोंबडे भाद्रपदाच्या अखेरीस बदलले की जुन्या बीजाचा अंमल आश्विनात संपतो. कार्तिकाच्या आरंभी गावरान कोंबड्या रवणीस बसवाव्यात. पिल्ले थंडीत वाढतात, पौष-माघात त्यांची मानमोडीची दुसरी लस होते व पहिली चाळणी लागते, आणि निवडलेल्या तलंगा पावसाळ्याच्या तोंडी अंड्यावर येतात, जेव्हा अंगणात किडे-मुंग्या आणि हिरवा चारा मुबलक असतो आणि खाद्याचा खर्च वर्षातला सर्वांत कमी असतो.